प्रवाळाला कुणाचा हात लागला

माझ्या लेकीचा हात लागला म्हणून टाकीतलं प्रवाळ मेलं, असं आमच्या घरात बोललं गेलं. तेरा वर्षांच्या पोरीला तोंडावर सांगितलं गेलं, आणि वाईट म्हणजे तिने ते खरं मानलं. या गोष्टीला आता वर्ष होत आलं. अजूनही ते वाक्य आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तेव्हा हे मी शांत डोक्याने लिहीन, अशी कुणी अपेक्षा ठेवू नये.

मी वेल्ह्याच्या रस्त्याला, मार्गासनीच्या अलीकडे एका शाळेत विज्ञान शिकवते. राहायला आम्ही कामथडीला. रोज स्कूटीवर जाऊन येऊन. नवरा एका कारखान्यात पाळीवर असतो, म्हणजे घरी असतो तेव्हा झोपलेला असतो. लेक एकच. आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते, आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. त्यांचं माहेर वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. शाळा त्यांनी बाहेरूनच पाहिली. पण घरातलं सगळं त्यांच्या नजरेखालून जातं, आणि आमच्या बोळातलंही.

टाकी आमच्याकडे आली ती भाटघरहून. तिथे पाण्याच्या कडेने शहरातल्या लोकांनी बंगले बांधलेत. त्यातल्या एका बंगल्याची देखभाल नवऱ्याचा मावसभाऊ करतो. मालकाला मध्यंतरी खाऱ्या पाण्याच्या टाकीची हौस आली होती. दोन वर्षांत ती फिटली आणि मालकाने फोनवर सांगून टाकलं, काढून टाक ते सगळं. म्हणजे जिवंत मासे, शिंपले, गोगलगायी, कोळंबी, प्रवाळ, सगळं काढून टाकायचं, जुना सोफा काढावा तसं. योगायोगाने त्या दिवशी आम्ही तिथे जेवायला गेलो होतो. माझी लेक टाकीसमोर जी बसली ती उठेचना. शेवटी दोन दिवसांनी टाकी, पंप, दिवा आणि पिंपांत भरलेलं खारं पाणी असं सगळं टेम्पोत घालून आम्ही घरी आणलं.

प्रवाळ म्हणजे काय हे मी मुलांना पुस्तकातून शिकवत होते, पण मला ते कळलं लेकीकडून. दगड नाही, झाड नाही, प्राणी आहे. खाली चुन्याचा सांगाडा आणि त्याच्यावर मऊ मांस. आमच्याकडे आलेल्या प्रवाळाला दुकानदार हॅमर म्हणतात, कारण त्याच्या लवलवत्या बोटांची टोकं हातोडीसारखी असतात. एका बुडख्यातून फांद्या फुटलेल्या आणि प्रत्येक फांदीवर एक तोंड. अशी अकरा तोंडं होती. लेकीने ती पहिल्याच दिवशी मोजली. आपल्या समुद्रातून प्रवाळ तोडणं गुन्हा आहे, तो असायलाच हवा. हे परदेशातल्या कुठल्याशा शेतावर वाढवलेलं होतं आणि त्याचे कागद बंगल्यातल्या फायलीत होते. ती फाईल आठवणीने मागून घेतली तीही लेकीनेच. आम्हा मोठ्यांना सुचलं नव्हतं.

सकाळी दात घासायच्या आधी ती टाकीपाशी. काचेवरचं शेवाळ खरवडायचं, पाण्याचा खारटपणा मोजायचा, वहीत लिहायचं. आणि पाणी घालायचं. खाऱ्या टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं. म्हणून जेवढं उडालं तेवढं गोडं पाणी रोज घालावं लागतं. ते आम्ही स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं घालायचो, प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरून. उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून वर पंखा लावला, की रोज कळशीभर पाणी लागायचं.

आत्यांनाही टाकीचं कौतुक होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. टाकी भरली त्या दिवशी त्यांनी काचेला हळदकुंकू लावलं. "समिंदर आला घरला," म्हणाल्या. दुपारी भाजी निवडायला टाकीसमोरच बसायच्या, माशांशी बोलायच्या. मला त्यात गंमत वाटायची. ते कुंकू म्हणजे टाकीवर घातलेला एक कायदा होता, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मेच्या सुट्टीत लेकीला पहिल्यांदा पाळी आली. मी तिला सगळं आधीच समजावून ठेवलं होतं. शाळेतला तक्ता घरी आणून दाखवला होता, कपाटात पॅड आणून ठेवले होते. त्यामुळे तिने फार काही मनावर घेतलं नाही. सकाळी नेहमीसारखं टाकीचं काम उरकलं, मग मला येऊन सांगितलं, मग न्याहारी केली. संध्याकाळी ती पाण्याचा कॅन उचलायला गेली, तेव्हा आत्या मध्ये आल्या.

"थांब. आता चार दिस टाकीला शिवायचं न्हाई. समिंदर हाय त्यो, द्येव हाय. पानी म्या घालीन."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, पिठाचे हात घेऊन. दरवर्षी आठवीच्या मुलींना फळ्यासमोर उभी राहून ठणकावून सांगणारी मी, की पाळीत अशुद्ध काही नसतं. मी म्हणाले, "असू दे गं. चार दिवस आराम कर."

असू दे गं! हे तीन शब्द मला कुणी परत घ्यायला दिले तर मी काय वाट्टेल ते करीन. मला तेव्हा वाटलं, कशाला वाद. सोळा वर्षं मीसुद्धा त्या दिवसांत लोणच्याच्या बरणीला हात लावत नव्हते, देवासमोर दिवा लावत नव्हते. माझा त्यावर विश्वास होता म्हणून नाही. चार दिवस कटकट नको म्हणून. घरात शांतता राहावी म्हणून मी मूग गिळून बसायचे, आणि त्या शांततेची किंमत एक दिवस माझ्या पोरीच्या माथी पडेल हे मला, विज्ञानाच्या बाईला, दिसलं नाही.

पाचव्या दिवशी न्हाऊन लेक मामाकडे गेली, सुट्टीला. दोन आठवडे राहिली. टाकीचं पाणी तेवढे दिवस आत्याच घालत राहिल्या. मला पेपर तपासायचं काम होतं. मला बरंच वाटलं, एक काम कमी.

ती मामाकडे असतानाच शंखातल्या गोगलगायी काचेवरून गळून पडायला लागल्या. उताण्या, वाळूत. मग लाल पट्ट्यांची कोळंबी दिसेना. मी म्हटलं, उन्हाळा आहे, वीज जाते, पंखा बंद पडतो, पाणी तापलं असेल. वीजवाल्यांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. लेक परत आली त्या दिवशी हॅमर मिटलेला होता. एरवी फुलून लवलवणारी सगळी तोंडं आत ओढून घेतलेली. दुसऱ्या दिवशी एका फांदीच्या बुडाशी मांस सुटलं. सालपट निघावं तसं वर वर सरकत गेलं आणि खाली पांढराफटक सांगाडा उघडा पडला. तिसऱ्या दिवशी दुसरी फांदी. तिच्यावर तपकिरी शेंबडासारखं काहीतरी जमलं होतं आणि त्याला घाण वास होता.

यावर करायचं काय, हे लेकीला पाठ होतं. सुटलेलं मांस परत चिकटत नाही. चांगली फांदी आजारी फांदीपासून तोडायची, पण खाली सांगाड्यावरून, मांसाला धक्का न लावता. मग आयोडीनच्या पाण्यात काही मिनिटं बुडवायची, स्वच्छ खाऱ्या पाण्यात खळबळायची आणि टाकीत वेगळ्या जागी ठेवायची. म्हणजे निदान पसरत नाही. हे सगळं तिनेच मला कधीतरी सांगितलं होतं. मी पक्कड, वाडगी, आयोडीन सगळं मांडलं आणि तिला म्हटलं, "चल, काप."

ती दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिली.

"तू काप. मी सांगते कुठं ते."

"मला कसं जमेल? तूच करतेस ना नेहमी."

"नको आई. माझ्या हाताने आणखी मरेल."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग हळूहळू एकेक शब्द बाहेर आला. मी शाळेत मीटिंगला गेले होते त्या दुपारी आजीने तिला जवळ बसवून सांगितलं होतं, "त्या दिशी सकाळी तूच हात घातला व्हतास ना पान्यात? आंदी सांगितलं न्हाईस. म्हनून ह्ये झालं बघ. आता रडून काय उपेग?" रागावून नाही, मारून नाही. डोक्यावरून हात फिरवत सांगितलं होतं. मला त्याचाच जास्त संताप येतो. ओरडून सांगितलं असतं तर पोरीने उलट उत्तर दिलं असतं.

मी तशीच आत्यांकडे गेले. "तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"खरं त्येच सांगितलं. तिला ठावं नगं का? पुढच्या येळेला जपून ऱ्हाईल."

"आत्या, असं काही नसतं."

"तुमच्या पुस्तकात नसंल. आमी तुळस जळताना बघितलीय डोळ्यांनी."

आणि हे घरातच राहिलं असतं तरी एक वेळ. आत्यांनी बोळातही सांगितलं. संध्याकाळी बायका बाहेर ओट्यावर बसतात तिथे. मग काय, प्रत्येकीकडे एकेक गोष्ट तयार होती. कुणाचं वर्षाचं लोणचं बुरसलं होतं, कुणाचे पापड तांबडे पडले होते, कुणाच्या नणंदेची सावली पडून मोगरा वाळला होता. माझी लेक दूध आणायला त्याच बोळातून जायची. ती खालमानेने जायला लागली. एकीने तर तिला थांबवून विचारलं, "मेलं का गं समदं?" कौतुकाने विचारावं तसं.

प्रवाळ मी कापलं. पक्कड माझ्या हातात होती आणि ती मागून सांगत होती, जरा खाली, नाही, अजून खाली. दोन फांद्या मी चुकीच्या जागी तोडल्या. त्या दोन दिवसांत गेल्या. बाकीच्या आयोडीनमध्ये बुडवून ठेवल्या, त्यांचंही मांस सुटायला लागलं. तिला वाटलं, ती नुसती जवळ उभी आहे म्हणून होतंय. ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसायला लागली. वहीत लिहायचं तिने सोडून दिलं.

मी पुण्यातल्या एका दुकानदाराला फोन लावला. फोन स्पीकरवर, लेक शेजारी. मुद्दाम बसवली होती, म्हटलं जाणकार माणसाच्या तोंडून ऐकू दे. त्याने तापमान विचारलं, खारटपणा विचारला, दिव्याचे तास विचारले. सगळं व्यवस्थित होतं. मग तो हसला आणि म्हणाला, "मॅडम, राग मानू नका, पण घरातल्या लेडीज कुणी त्या दिवसांत हात घालत नाहीत ना? आमच्याकडं मुली कामाला आहेत, त्यांना आम्ही तेवढे दिवस टँकजवळ जाऊ देत नाही. रिस्क कशाला घ्या?"

त्याला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण फोन ठेवून मी वळले तेव्हा लेक उठून गेली होती. आजीचं म्हणणं आता शहरातल्या जाणकारानेही पक्कं केलं होतं, आणि फोन मीच लावून दिला होता.

त्यानंतरचा रविवार. मी सकाळी चहा टाकत होते. आत्या मोरीत बसून तांब्याचा हंडा चिंचेने घासत होत्या. घासून लखलखीत केला, धुतला, फिल्टरखाली लावला, भरला आणि देव्हाऱ्याच्या बाजूला नेऊन ठेवला, वर स्वच्छ फडकं. आदल्या दिवशी भरून ठेवलेला दुसरा, धाकटा हंडा त्यांनी उचलला आणि टाकीकडे चालल्या. मी विचारलं, "आत्या, कॅन कुठाय?"

"त्यो पिलास्टिकचा व्हय? त्यो टाकला म्या मागल्या दारी. समिंदराला त्यात पानी द्यायचं? द्येवाचं पानी तांब्यातच ऱ्हातं. रातभर ठिवते, निर्मळ हुतं."

"कधीपासून?"

"म्या घालाय लागल्यापास्नं. पोरीनं शिवल्यालं निवळाय नगं?"

गॅसवरचा चहा उतू गेला. मला तो दिसत होता आणि मी बंद करत नव्हते.

टोमॅटोवर, द्राक्षावर बुरशी आली की आपल्याकडे मोरचूद फवारतात. मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ. बुरशी मारतं, शेवाळ मारतं. आपण तांब्याच्या भांड्यातलं पाणी पितो, आपल्याला त्या चिमूटभर तांब्याने काही होत नाही, माशांनाही फारसं नाही. पण गोगलगाय, कोळंबी, प्रवाळ यांना तेवढंही खूप होतं. त्यात फिल्टरचं, क्षार काढलेलं पाणी, जे तांबं जास्तच ओढून घेतं, त्यात चिंचेने उघडं केलेलं ताजं तांबं, त्यात रात्रभर मुरवलेलं. आणि तांबं उडून जात नाही, पाणी उडतं. रोज कळशीभर, तीन-चार आठवडे. हे सगळं मला माहीत होतं. सातवीच्या पोरालाही सांगता आलं असतं. आणि मी घरातल्या घरात डोळे मिटून फिरत होते.

मोबाईलवरून मी तांबं तपासायचा संच मागवला. चार दिवसांनी तो नसरापूरला आला, मी जाऊन घेतला. घरी आल्यावर स्वयंपाकाच्या ओट्यावर तीन नळ्या मांडल्या. एकीत फिल्टरचं पाणी, एकीत टाकीचं, एकीत हंड्यातलं. औषधाचे थेंब घातले; तांबं असलं की पाणी हिरवं होतं. फिल्टरचं नुसतं पिवळं झालं. टाकीचं हिरवट झालं. हंड्यातलं चांगलं हिरवं झालं. मी आत्यांना बोलावलं आणि त्यांच्यापुढे नळ्या धरल्या.

"हे तुमचं निर्मळ पाणी. ह्याने मेलं सगळं. तिच्या हाताने नाही, तुमच्या हंड्याने."

"तांब्याचं पानी कुनाला बाधतं व्हय? जल्मभर प्यालो आमी."

"तुम्ही टोमॅटोवर मोरचूद मारायचात ना? बुरशी का मरायची? त्यात काय होतं?"

त्यांनी नळ्यांवरून नजर काढली. मी थांबले नाही. मी ओरडत होते, मला कळत होतं की मी ओरडतेय. सोळा वर्षांचं सगळं बाहेर आलं. लोणचं आलं, दिवा आला, बोळातल्या बायका आल्या. पोरीला विटाळ, पोरीला पाप, आणि मारलं कुणी तर देवाच्या हंड्याने! सगळं खापर एका लहान पोरीच्या डोक्यावर फोडून तुम्हाला झोप कशी लागते? नवरा झोपेतून उठून आला आणि म्हणाला, "अगं, हळू." त्यालाही मी सोडलं नाही.

आत्यांनी हिरवी नळी उजेडाकडे धरून पाहिली. मग म्हणाल्या, "तांब्यानं मेलं आसंल. म्या न्हाई म्हनत न्हाई. पर तिनं शिवलं न्हवतं, आसं म्या कसं म्हनू?"

मी नळ्या घेऊन लेकीच्या खोलीत गेले. सांगितलं, दाखवलं, पुन्हा तिच्यासमोर थेंब घालून दाखवलं. मला वाटलं होतं ती उडी मारेल. तिने हिरव्या नळीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली,

"पण आई, त्या हंड्याला मी शिवले होते."

"काय?"

"पहिल्या दिवशीच. संध्याकाळी आजीने फिल्टरखाली लावला होता, तो भरून वाहत होता. मी नळ बंद केला आणि हंडा बाजूला सरकवला. आजीला सांगितलं नाही मी. म्हणून त्यातलं पाणी असं झालं असेल."

हातात पुरावा घेऊन मी तिथे उभी होते. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तिच्यापर्यंत पोचवायचं कसं हे मला माहीत नव्हतं. मी तिला फिल्टरखाली दुसरं भांडं भरून दाखवू शकत होते, अजून दहा नळ्या करून दाखवू शकत होते. तिने प्रत्येक नळीत स्वतःचा हात पाहिला असता. एवढी मोठी शहाणी मी, पोरीच्या डोक्यातून एक वाक्य काढू शकले नाही.

टाकीचं काम मी केलं. पाणी बदललं, तीनदा. तांबं ओढून घेणारी पिशवी मागवली, कोळसा घातला. हंडे मी स्वतः उचलून माळ्यावर टाकले. आत्यांनी अडवलं नाही. अकरा तोंडांतली नऊ गेली होती. उरली ती दोन, वेगवेगळ्या फांद्यांवर, बोटाएवढी. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि एक दिवस ती दोन्ही थोडी उघडलेली दिसली. मी लेकीला हाक मारली. तिने दारातून पाहिलं, "छान," म्हणाली, आणि दप्तर घेऊन निघून गेली. घरात जेवण व्हायचं, बोलणं व्हायचं, आत्या आणि मी कामापुरतं बोलायचो. पण तिने काही टाकीला हात लावला नाही. पाळी आली की ती आपण होऊन लोणच्यापासून लांब बसायची. कुणी सांगायची गरजच उरली नव्हती. ते बघितलं की मला घरातल्या सगळ्या बरण्या फोडाव्याशा वाटायच्या.

ऑगस्टमध्ये एका सोमवारी मी शाळेतून आले, तर टाकीत दोन काचेच्या बरण्या उभ्या. तोंडं पाण्याच्या वर, प्रत्येकीत हवेची एकेक बारीक नळी, आणि प्रत्येकीत एकेक हॅमर. उरलेली दोन्ही तोंडं. मी पर्स तशीच खाली टाकली.

"हे काय केलंस?"

"प्रयोग," ती म्हणाली. वही परत बाहेर आली होती. "दोन्हींत टाकीचंच पाणी, रोज थोडं बदलायचं, वेगवेगळ्या भांड्याने. एकीत मी रोज हात घालणार. माझा आज पहिला दिवस आहे."

मी काय काय म्हणणार होते. बरणीत जागा कमी, पाणी खराब होईल, दुसऱ्याच कशाने एखादं मेलं तर? हात घातलेल्या बरणीतलंच मेलं तर ही पोर जन्मभर काय मानेल? ही दोनच उरलीत गं. पण तिचा चेहरा बघून मी तोंड बंद ठेवलं. या वेळी मूग गिळले नाहीत, दात आवळले. कसला संताप आला होता मला! वर्गातली इतर पोरं बियाणं कुठल्या मातीत लवकर उगवतं याचे प्रयोग करत होती. माझ्या लेकीला प्रयोग करावा लागत होता, की आपला हात विषारी आहे की नाही.

ते पाच दिवस मी कशी राहिले ते मला विचारू नका. शाळेत फळ्यावर काय लिहिलं तेही आठवत नाही. रोज संध्याकाळी आल्याआल्या आधी बरण्या बघायच्या. कुठल्या बरणीत ती हात घालते, हे तिने मलाही सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी तिने आजीला हाक मारली. दोन्ही हॅमर उघडलेले होते.

"आजी, इकडं ये. ह्या दोन बरण्या बघ. एकीत मी चार दिवस रोज हात घातलाय. माझे ते दिवस चालू असताना. कुठल्या बरणीत, सांग."

आत्या जागच्या जागी थांबल्या. "कुनी सांगितलं तुला आसलं कराया?"

"कुणी नाही. सांग ना. तुला तर लगेच कळेल."

आत्या टाकीपाशी आल्या. वाकल्या. या बरणीकडे पाहिलं, त्या बरणीकडे पाहिलं. मग उजवीकडच्या बरणीवर बोट ठेवलं. "ही. हिच्यातलं मलूल दिसतंय."

"हिच्यात नाही घातला."

"मला मेलीला आताशा नीट दिसत न्हाई," आत्या म्हणाल्या आणि वळल्या. लेक त्यांच्या आधी आत गेली, खुंटीला अडकवलेल्या पिशवीतून चष्मा आणला आणि त्यांच्या हातात दिला.

"आता बघ."

आत्यांनी चष्मा लावला. पुन्हा वाकल्या. टाकीचा निळा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता. बराच वेळ त्या बघत राहिल्या, अगदी खरोखर शोधत असल्यासारख्या.

"दोनी सारखीच हायती," शेवटी त्या म्हणाल्या. "न्हाई कळत गं मला."

"मग हे बाहेर जाऊन सांग," लेक म्हणाली. ती रडत नव्हती. ती चिडली होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती चिडलेली मी पाहत होते. "माझ्या हाताने मेलं म्हणून सांगितलं होतंस ना तू सगळ्यांना? आता हेही सांग. बसल्यात बघ सगळ्या ओट्यावर. आत्ताच जा."

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मध्ये पडेन, असू दे गं म्हणेन, असं त्यांना वाटलं असणार. मी काही त्यांच्या मदतीला गेले नाही. थोड्या वेळाने त्या दाराशी जाऊन चपला शोधायला लागल्या.